शिंकेमागचं कॅल्शियम

आमच्या कॉलेजात कुणी शिंकलं की अहिरे सर आधी घड्याळात बघतात, मग शिंकणाऱ्याच्या नाकाकडे बघतात आणि शांतपणे म्हणतात, "दार उघडलं."

नवीन माणूस हमखास दाराकडे बघतो. दार जसंच्या तसं असतं. मग तो आमच्याकडे बघतो आणि आम्ही खिडकीबाहेर बघतो. कारण त्या माणसाने चुकून "कुठलं दार?" असं विचारलं, तर पुढचा तास त्याचा आणि आमचाही गेला.

अहिरे सर आमच्याकडे प्राणिशास्त्र शिकवतात. उंच, सडपातळ, शर्टाची सगळी बटणं लावलेली, अगदी गळ्याजवळचंसुद्धा. जळगावच्या मे महिन्यातदेखील ते बटण उघडत नाही. गाव भडगावकडचं, पण बोलणं इतकं शुद्ध, की शिपायाला पाणी मागतानाही त्यांच्या वाक्यात कर्ता, कर्म आणि क्रियापद आपापल्या जागी बसलेलं असतं. लग्न केलेलं नाही. वयाची साठी दिसू लागली आहे. मी कॉलेजचा ग्रंथपाल. माझ्या टेबलासमोर पंख्याखाली एक खुर्ची आहे. अकराच्या सुमाराला सर तिच्यावर येऊन बसतात, म्हणून तिला सगळे अहिरे सरांची खुर्ची म्हणतात. ते नसले तरी तिथे कुणी बसत नाही. आदराने नव्हे. ते येतील म्हणून.

दाराचा प्रकार असा. माणसाच्या नाकात, कातडीखाली, आतड्यात मास्ट नावाच्या पेशी असतात. ज्याला ॲलर्जी म्हणतात, तो सगळा गोंधळ त्या घालतात. सर तरुणपणी काही वर्षं पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होते आणि त्या काळात त्यांनी या पेशीशिवाय दुसरं काही पाहिलंच नाही, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटतं.

"देवरे," ते मला सांगायचे, "मास्ट पेशी ही राखणदार आहे. तिच्या पोटात हिस्टामिनच्या शेकडो पिशव्या असतात. धुळीचा कण आला आणि तिच्या अंगावरच्या प्रतिपिंडांना चिकटला, की आत निरोप जायला हवा. तो निरोप कॅल्शियम नेतं. पेशीच्या आत कॅल्शियमचं एक कोठार आहे. ते आधी रिकामं होतं..."

कोठार आलं की ऐकणाऱ्याला काहीतरी काम आठवायचं. कुणाचा तास असायचा, कुणाला बँकेत जायचं असायचं. मीसुद्धा कोठारापाशीच उठून पुस्तकं लावायला लागायचो. माझं काम तेच असल्याने मला कुणी नावं ठेवू शकत नव्हतं. पुढे काय होतं ते सरांच्या तोंडून पूर्ण ऐकलेला माणूस आमच्या कॉलेजात नव्हता. अर्धवट ऐकणारे मात्र पुष्कळ होते, आणि त्यातूनच महाजनांचं प्रकरण घडलं.

महाजन आमचे हेडक्लार्क. पाचोऱ्याजवळ शेती, आवाज शेतातल्या माणसाला हाक मारण्याइतका मोठा, आणि कपाशीचा हंगाम आला की शिंका सुरू. एकदा सरांनी त्यांना नेहमीप्रमाणे गाठलं. महाजनांनी कोठारापर्यंत ऐकलं आणि ते फाइल घेऊन निघून गेले. तीन आठवड्यांनी महाजनवहिनी कॉलेजात आल्या. थेट माझ्याकडे.

"भाऊ, ते अहिरे सर कोण?"

"काय झालं?"

"यांनी दूध सोडलं. दही सोडलं. मला डॉक्टरांनी हाडांसाठी गोळ्या दिल्यात, त्याही फेकल्या. म्हणे कॅल्शियमने शिंका येतात, सरांनी सांगितलं."

सर समोरच्याच खुर्चीत बसलेले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आपल्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा असा अर्थ निघू शकतो, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्याच संध्याकाळी दोन लिटर दूध घेऊन ते महाजनांच्या घरी गेले. मला साक्षीदार म्हणून नेलं.

"महाजन, तुमच्या पेशींच्या बाहेर कॅल्शियम भरपूर आहे आणि ते असायलाच हवं. तुम्ही दूध पिऊ नका, नाहीतर म्हैस पाळा, त्या दाराला काही फरक पडत नाही. प्रश्न कॅल्शियमचा नाही. प्रश्न ते आत कधी येतं याचा आहे."

"मग शिंका कशाने येतात?"

सर उठले, घरभर फिरले, उशा हुंगल्या, आणि शेवटी महाजनांच्या पलंगावरची गादी उचलून म्हणाले, "हिने." ती गादी महाजनांच्या लग्नातली होती. घरच्या कापसाची, महाजनांच्या आवडीची आणि आत धुळीचा डोंगर. गादी गेली. शिंका पुष्कळ कमी झाल्या. महाजन दूध प्यायला लागले, पण गादीबद्दल त्यांनी सरांना अजून माफ केलेलं नाही.

यानंतर सरांनी एक वही केली. कॉलेजातल्या प्रत्येकाच्या नावाचं एक पान आणि त्यावर त्याला काय सोसत नाही त्याची नोंद. रसायनशास्त्राच्या मॅडम: कोळंबी. शिपाई कैलास: गाजरगवत. ग्रंथपाल देवरे: जुनी पुस्तकं. "हा तर नियतीचा विनोद आहे," असं ते माझ्या पानाबद्दल म्हणाले. त्यांनी केलेला एवढाच विनोद मला आठवतो. पावसाळ्यात कॉलेजच्या मैदानावर गाजरगवत माजायचं, तेव्हा सर सकाळी सात वाजता हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून ते उपटत बसायचे. कैलासने यायच्या आत त्याच्या वाटेवरचं तेवढं गवत काढलेलं असायचं. कैलासला ही गोष्ट बरीच वर्षं माहीत नव्हती. आपल्या वाटेवर ते उगवतच नाही, अशी त्याची समजूत होती.

माझ्या मुलीच्या लग्नात तर सरांचा वाटा मोठा. स्थळ धुळ्याचं होतं, आणि मीही मूळचा धुळ्याचाच. बोलणी करायला जायचं तर गाडी सरांची, म्हणून सर बरोबर. वाटेत मी त्यांना हात जोडून सांगितलं, "सर, आज कॅल्शियम नको."

"अर्थातच," ते म्हणाले. "मला प्रसंगाचं भान आहे."

बैठक बसली. पोहे आले. मुलाचे वडील आबासाहेब, निवृत्त इंजिनिअर, भारदस्त माणूस. त्यांनी "तर मग आता..." असं म्हणून तोंड उघडलं आणि लागोपाठ पाच वेळा शिंकले.

बोलणीच्या वेळी शिंक म्हणजे काय, हे सांगायला नको. बायकांच्या खोलीतली कुजबुज थांबली. मुलाची आजी डोळे मिटून काहीतरी पुटपुटू लागली. आणि त्या शांततेत अहिरे सरांनी घड्याळात बघितलं.

मी त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला. उपयोग झाला नाही.

"आबासाहेब, ही मोगऱ्याची अगरबत्ती आमच्यासाठी लावली का?"

"हो. का?"

"लावून सात मिनिटं झाली. पाहुणे आले की तुम्हाला नेहमीच शिंका येतात का?"

आबासाहेबांनी जरा विचार केला. "येतात खऱ्या. म्हणून तर आमच्याकडे फारसं कुणी आलेलं मला आवडत नाही."

सरांनी उठून अगरबत्ती विझवली, खिडकी उघडली आणि परत बसले. दहा मिनिटांत आबासाहेब मोकळा श्वास घ्यायला लागले. "म्हणजे हा अपशकुन नव्हे?" आजींनी विचारलं. "नव्हे, आजी," सर म्हणाले, "हा मोगरा आहे." आजी हसल्या आणि बोलणी पुढे सरकली. आज माझी मुलगी त्या घरात सुखाने नांदते आहे. आबासाहेब मला फोन करतात तेव्हा माझी चौकशी एका वाक्यात उरकतात आणि सरांची तीन वाक्यांत करतात.

असे सर. त्यांच्याकडे आम्ही गमतीची गोष्ट म्हणून बघायचो. ते नसताना त्यांची नक्कल सगळ्यात चांगली कोण करायचं, तर मी.

गेल्या हिवाळ्यात महाजनांनी शेतावर भरीत पार्टी ठेवली. भरताची मोठी हिरवी वांगी, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात. आम्ही दहाबारा जण होतो. सर आले खरे, पण चुलीपासून लांब, बांधावर गाडीला टेकून उभे राहिले. आले तेव्हा विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीकडे बोट दाखवून त्यांनी महाजनांना सांगितलं होतं, "त्या वळचणीला गांधीलमाश्यांचं पोळं आहे. धूर तिकडे जातो आहे. चूल हलवली तर बरं."

"सर, इतकी वर्षं ते पोळं आहे. घरचीच माणसं ती," महाजन म्हणाले.

वांगी सोलून हात काळे झाले, म्हणून मी हात धुवायला पंपाच्या खोलीकडे गेलो. नळाला हात लावला, तोच मानेवर निखारा ठेवल्यासारखं झालं. मग कानामागे आणखी एक. मी हात झाडत परत आलो. महाजन म्हणाले, "लोखंड घासा." कुणी कांदा घासायला सांगितला. मी हसत कांदा घासत होतो, तेवढ्यात तळहात खाजू लागले. मग तळपाय. मग पोटावर रुपयाएवढ्या गांधी उठल्या. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं आणि समोरचा जाळ लांब लांब जायला लागला.

सर गाडीपासून धावत आले. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच बघत होतो. तेव्हाही त्यांनी घड्याळात बघितलं.

"आडवे व्हा. बसू नका, आडवेच. महाजन, यांचे पाय वर धरा. रसायनवाल्या मॅडम, गाडी सुरू करा, किल्ली आतच आहे."

आम्ही पंपाच्या खोलीपासून फार लांब नव्हतो. धुराने बिथरलेल्या माश्या अजून घोंगावत होत्या. एक सरांच्या बाहीवर बसलेली मला दिसली. सरांनाही दिसली. ते अर्धा क्षण थांबले, पण बाही झटकली नाही. खिशातून एक लहान डबी काढली, औषधाची कुपी फोडली, डॉक्टरांनी खूण करून दिलेल्या रेघेपर्यंत सिरिंज भरली आणि माझ्या मांडीत, पँटवरूनच, सुई खुपसली. ती माशी कधी उडाली ते मला कळलं नाही.

पाचोऱ्यापर्यंतचा रस्ता मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. मागच्या सीटवर माझे पाय महाजनांच्या मांडीवर, आणि सर खाली, सीटच्या फटीत कसेबसे बसलेले, माझी नाडी धरून. ते बोलत होते. सारखे बोलत होते.

"हे ॲड्रेनालिन आहे, देवरे. रक्तवाहिन्या आवळेल, श्वास मोकळा करेल. आता छाती धडधडेल, ती धडधडू द्या. याआधी कधी चावली होती?"

"मागच्या वर्षी. हात सुजला होता."

"मला का नाही सांगितलंत?"

एवढं बोलून त्यांनी पुन्हा घड्याळात बघितलं. थोड्या वेळाने म्हणाले, "मीच विचारायला हवं होतं." पुढे महाजन मला म्हणाले की दवाखान्यात नर्सने मागितला, तेव्हाच सरांनी माझा हात सोडला.

दवाखान्यात सलाईन लागलं, आणखी औषधं झाली. तासाभरात गांधी उतरल्या, घसा मोकळा झाला. पण हा त्रास कधी कधी उलटून येतो, म्हणून संध्याकाळपर्यंत तिथेच राहायला सांगितलं. बाकीची मंडळी शेतावर परत गेली, कारण वांगी तशीच पडली होती आणि महाजनांच्या मते वांग्यांचा यात काही दोष नव्हता. सर थांबले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. सरांनी आणलेली रिकामी कुपी आणि डबीतली चिठ्ठी त्यांनी वाचली.

"ही चिठ्ठी तुमच्याच नावाची आहे, सर?"

"हो."

"गांधीलमाशी?"

"हो. दोनदा बेशुद्ध झालो आहे."

"मग आज तुमच्याकडे दुसरी कुपी होती?"

"नव्हती. एकच बाळगतो."

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. "जाण्याआधी नवीन घेऊन जा. विसरू नका," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

मी पडून छताकडे बघत राहिलो. वहीत सगळ्यांची पानं होती. ती वही मी अनेकदा चाळली होती, हसण्यासाठी. सरांच्या नावाचं पान तिच्यात नव्हतं, आणि तुम्हाला काय सोसत नाही, असं त्यांना कॉलेजात कुणीही कधी विचारलं नव्हतं.

"सर, ती माशी तुम्हाला चावली असती तर?"

"चावली नाही ना."

"पण असती तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "हिशेब करायला वेळ नव्हता, देवरे. चावलं तुम्हाला होतं."

बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. दुपारचं ऊन खिडकीतून त्यांच्या बुटांवर आलं होतं. बूट चिखलाने भरले होते आणि गळ्याजवळचं बटण तुटलं होतं. मी विचारलं, "सर, पुणं का सोडलंत?"

"आईसाठी," ते म्हणाले. आई भडगावजवळच्या गावी एकटी होती. आयुष्यभर जिनिंगमध्ये कापूस निवडला आणि छातीत दमा घेऊन बसली. सर सुट्टीत घरी गेले की ती विचारायची, तू तिकडे करतोस काय. मग ते सांगायचे. तिच्यासमोर गहू निवडत बसायचे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगायचे. शाळेत न गेलेली बाई, पण तिने एकदा असा प्रश्न विचारला, की त्यांच्या पुण्याच्या मार्गदर्शकांनीही तो तोवर विचारला नव्हता.

"काय विचारलं?"

"मंग ते दार बंद कव्हय व्हस?" सर हसले. "दार उघडतं कसं, यावर आम्ही वर्षं घालवली होती. तिला काळजी ते बंद कधी होतं याची. दम लागलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?"

त्याचं उत्तर शोधायचं म्हणून ते आणखी दोन वर्षं पुण्यात राहिले. मग तिची तब्येत ढासळली आणि ते परत आले. ती गेल्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली.

मी उशी भिंतीला लावली आणि जरा वर सरकून टेकलो. "सर," मी म्हटलं, "मला सांगा. पहिल्यापासून. मला आज कुठे जायचं नाही."

 इतकी वर्षं न विचारता सांगणाऱ्या माणसाला विचारल्यावर सुरुवात सापडेना.  मग त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली, सलाईनच्या नळीला धक्का लागणार नाही अशी बघून ठेवली, आणि बोलू लागले. कोठार आलं. ते रिकामं झालं. ते रिकामं झाल्याची खबर पेशीच्या भिंतीपर्यंत कशी जाते आणि तिथलं दार कसं उघडतं ते आलं. सूक्ष्मदर्शकाखाली रंग भरलेल्या पेशीत कॅल्शियम शिरताना ती कशी हिरवी उजळते, विझते, पुन्हा उजळते, आणि ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा सर पहाटेपर्यंत कसे खुर्चीवरून उठले नाहीत, तेही आलं. ते दार शेवटी बंद कधी होतं, आत शिरलेलं कॅल्शियम पंपांनी परत बाहेर कसं काढलं जातं आणि पेशी शांत कशी होते, ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की सर अहिराणीत बोलताहेत. कधीपासून, ते मला कळलं नव्हतं. बहुतेक त्यांनाही नसावं. कर्ता, कर्म, क्रियापद सगळं विस्कटलं होतं, आणि कॉलेजात कधी नसतो असा एक गोडवा बोलण्यात आला होता. मी धुळ्याचा, मला एकेक शब्द कळत होता. निदान अहिराणीचा तरी.

मध्येच ते थांबले. जरा ओशाळून त्यांनी विचारलं, "कटाळा उना का तुले?"

मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं.